नाण्यांवरचे यवन देव

बुलढाणा जिल्ह्यातील आमचे रोहिणखेड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहे. गाव लहान, पण घाटाच्या वाटेवरचे असल्यामुळे त्याने सैन्ये पुष्कळ पाहिली. इ. स. 1437 मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा येथेच पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची लढाई येथेच झाली व तीत जमालखान पडला. त्याच जमालखानाच्या पक्षाचा खुदावंदखान महदवी याने 1582 मध्ये बांधलेली मशीद ही गावाची मोठी खूण होय. या साऱ्यामुळे आमच्या शिवारात नांगराच्या फाळाला काही जुने लागले, की ते 'बादशाही' म्हणावयाचे, अशी सर्वांचीच सवय. ती मलाही होती. आणि तिच्यापायी माझ्या हातून जी एक चूक घडली, तिच्यापासूनच आजच्या भाषणाला आरंभ करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी शाळेत इतिहास शिकवीत असता, एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांना शेत वखरताना सापडलेले एक रुप्याचे नाणे त्याच्या मुठीत होते. आकाराने ते जुन्या चवलीएवढे. "गुरुजी, पाहा न, याच्यावर बाण हाय," तो म्हणाला. एका बाजूस कोणाचे तरी मुख होते, दुसऱ्या बाजूस बाणासारखी आकृती होती आणि कडेने काही अक्षरे होती. ती वाचण्याचा मी यत्नही केला नाही. "बादशाही दिसते रे बाळ, घरी नेऊन ठेव," एवढे सांगून मी वर्गावर गेलो. महिन्याभराने सहज विचारले, तेव्हा समजले की त्याच्या घरी तान्हे मूल होते. नाणे सोनाराच्या मुशीत गेले आणि बाळाच्या पायांतील वाळ्यांत मिसळले.

कित्येक वर्षांनी एका पुस्तकात नहपान नावाच्या राजाच्या नाण्याचे चित्र माझ्या पाहण्यात आले. एका बाजूस मुख, दुसऱ्या बाजूस बाण! त्या क्षणी मला जे वाटले ते सांगता येत नाही. बहमनी किंवा निजामशाही नाण्यांवर राजाचे मुख नसते, ही साधी गोष्ट इतिहासाच्या शिक्षकास ठाऊक असावयास हवी होती. त्या मुलाचे नाणे नहपानाचेच होते, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकारच मी त्या दिवशी गमावला. परंतु तेव्हापासून नाण्यांवरची मुखे कोठून आली आणि त्यांच्या पाठीमागे कोणत्या देवता व कोणत्या कथा उभ्या आहेत, याचा शोध घेण्याचा मला छंदच जडला. तो शोध मला थेट रोमच्या साम्राज्यापर्यंत घेऊन गेला आणि तेथून पुन्हा वऱ्हाडात घेऊन आला. त्याच वाटेने आज आपणांस न्यावयाचे आहे.

रोमचे साम्राज्य भूमध्य समुद्राभोवती पसरलेले होते. सोन्याचे व बहुतेक रुप्याचे चलन बादशहाच्या टांकसाळीतून निघे; परंतु बाजारात भाजी, तेल, भाकरी घेण्यास जी तांब्याची मोड लागे, ती पाडण्याची मुभा पूर्वेकडील शहरांना असे. अशी शहरे एक-दोन नव्हेत, पाचशेहून अधिक होती. त्यांतील बहुसंख्य शहरे ग्रीक भाषा बोलणारी. ग्रीकांना आपले पूर्वज यवन म्हणत. आयोनिया या त्यांच्या प्रांताच्या नावावरूनच तो शब्द आलेला आहे. या शहरांनी एक युक्ती केली. नाण्याच्या दर्शनी बाजूवर त्यांनी बादशहाचे मुख काढले, कारण राज्य त्याचे होते. परंतु मागची बाजू त्यांनी स्वतःकरिता राखून ठेवली. तीवर आपल्या गावचा देव, आपल्या गावची नदी, आपल्या गावी घडली असे मानलेली कथा त्यांनी कोरली. आपल्याकडे प्रत्येक गावाचे स्थलमाहात्म्य असते. तसे हे तांब्याच्या चकतीवरचे स्थलमाहात्म्यच म्हणावयाचे.

थोडी उदाहरणे पाहू. होमर कवीच्या महाकाव्यातील ट्रॉय नगरीच्या जागी रोमन काळी इलिऑन नावाचे गाव होते. ट्रॉयच्या युद्धाला हजाराहून अधिक वर्षे होऊन गेली असे लोक मानीत; तरीही त्या गावाच्या नाण्यावर रथारूढ वीर हेक्टर आढळतो, आणि कोणी चुकू नये म्हणून त्याचे नावही शेजारी लिहिलेले असते. याच गावाच्या दुसऱ्या नाण्यावर जळत्या नगरातून वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघालेला ईनिअस दिसतो. आपणांस येथे श्रावणबाळाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. परंतु या चित्रात केवळ पितृभक्ती नव्हती. रोमचे लोक स्वतःला ईनिअसचे वंशज म्हणवीत, आणि ज्यूलिअस सीझरचे घराणे तर आपले मूळ त्याच्यापर्यंत नेई. तेव्हा इलिऑनचे गावकरी बादशहाला मोठ्या अदबीने सांगत होते, की महाराज, आपण आमचे धनी खरे, परंतु आपले आजोळ आमच्या गावी आहे! हा दावा फुकट गेला नाही. क्लॉडिअस बादशहाने त्या गावास करमाफी दिली, ती याच नात्याच्या आधारावर.

डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीवर अबिडॉस नावाचे गाव होते. तेथला तरुण लिअँडर पलीकडच्या काठावरील हीरो नावाच्या पूजारिणीस भेटण्यासाठी रोज रात्री पोहून जाई. ती मनोऱ्यावर दिवा धरी. एका वादळी रात्री दिवा विझला व तो बुडाला. अबिडॉसच्या नाण्यावर हा पोहणारा लिअँडर आहे, आणि मनोऱ्यात हीरोही आहे. कॉरिंथ हे दोन समुद्रांमधील शहर. त्याच्या नाण्यावर समुद्रदेव पोसायडन दिसतो, पंखांचा घोडा दिसतो, आणि शिंशुमार माशाच्या पाठीवर निजलेला बाळ मेलिकर्टीसही दिसतो. त्या बुडालेल्या बालकाचे शव माशाने किनाऱ्यास आणले व त्याच्या स्मरणार्थ कॉरिंथचे प्रसिद्ध क्रीडामहोत्सव सुरू झाले, अशी तेथील कथा आहे.

मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे अँटोनायनस पायस बादशहाच्या काळी, म्हणजे इ. स. 138 ते 161 या अवधीत, तांब्याची मोठी नाणी निघाली. त्यांवर हेराक्लीसचे पराक्रम ओळीने दाखविले आहेत: सिंहाशी झुंज, अनेक मस्तकांच्या सर्पाचा वध आणि इतर अनेक. ही नाणी पाहताना कालियामर्दन करणारा आपला कृष्ण डोळ्यांपुढे येतो. हे साम्य केवळ आपल्यालाच दिसते असे नव्हे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनीसने शूरसेन देशातील मथुरेचे लोक हेराक्लीसला भजतात, असे लिहून ठेवले आहे. परदेशी प्रवाशाला परका देव दिसला, की तो त्याला आपल्या ओळखीचे नाव देतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एकच उदाहरण देतो. फ्रिजिया प्रांतातील अपामिआ या गावाच्या एका नाण्यावर अथीना देवी जोडपावा वाजवीत आहे. वाजविताना गाल फुगून आपले मुख विद्रूप दिसते, हे पाण्यातील प्रतिबिंबात पाहून तिने पावा टाकून दिला आणि मार्सियसने तो उचलला, अशी त्या गावची ग्रीक कथा. त्याच गावाच्या दुसऱ्या नाण्यावर महापुरातून तरलेला ज्यू धर्मग्रंथातील नोहा आपल्या नौकेत आहे, आणि नौकेवर त्याचे नाव आहे. एकाच गावाने ग्रीकांची कथा आणि ज्यूंची कथा अशा दोन्ही आपल्या नाण्यावर घेतल्या. आणि दोन्हींच्या दर्शनी बाजूस मुख मात्र रोमच्या बादशहाचे! तिसऱ्या शतकात रोमचे रुपे हीणकस होत गेले, किमती चढल्या, तांब्याची मोड पाडणे शहरांना परवडेनासे झाले आणि त्या शतकाच्या अखेरीस हे सारे गावोगावचे ठसे थांबले.

आता कोणी विचारील, की अलेक्झांड्रियाहून आपल्या किनाऱ्यावर जहाजे येत होती, तर ही चित्रविचित्र नाणी आपल्या देशात का सापडू नयेत? कारण सोपे आहे. गावची तांब्याची मोड गावाबाहेर कोणी घेत नसे, आणि मिसर देशाचे चलन तर त्या देशापुरतेच बंदिस्त ठेवलेले होते. हिंदुस्थानात मिरी, मोती व तलम कापड घेण्यास व्यापारी येई तो सोन्याची व शुद्ध रुप्याची नाणी घेऊन. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली ती याच संपत्तीविषयी. म्हणजे बादशहाचे मुख आपल्याकडे आले. गावच्या कथा मात्र गावीच राहिल्या.

तथापि यवन देव आपल्या भूमीवर अजिबात आले नाहीत असे नव्हे. कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1945 च्या आसपास तेथे रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू निघाल्या आणि त्यांत पोसायडनची एक लहान सुबक मूर्ती होती. कॉरिंथच्या नाण्यावरचा जो समुद्रदेव, तोच हा. समुद्रापासून दूर, सह्याद्री चढून तो घाटमाथ्यावर आला. परंतु त्याची कथा त्याच्याबरोबर घाट चढली नाही.

नाण्यांच्या बाबतीतही असेच घडले. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने तांबड्या समुद्राचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असा बाजारपेठांचा मार्गही आहे. तोच लेखक सांगतो, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर या यवन राजांचे जुने द्रम्म अद्याप चालतात. हे राजे त्याच्या दोन-अडीचशे वर्षे आधी वायव्य हिंदुस्थानात होऊन गेले. हाच मिनँडर बौद्ध ग्रंथांत मिलिंद म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या रुप्याच्या नाण्यावर वज्र फेकणारी अथीना आहे. अपोलोडोटसच्या काही नाण्यांवर मात्र एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस वशिंडाचा बैल आहे. यवन राजा हिंदुस्थानात राहू लागताच त्याच्या नाण्यावर हिंदुस्थानचा बैल येऊन उभा राहिला, ही मोठी मौजेची गोष्ट नव्हे काय?

त्याच प्रवासवर्णनात भडोचच्या राजाचे जे नाव आहे, ते विद्वानांच्या मते आपल्या नहपानाचे होय. नहपान हा क्षहरात वंशातील शक क्षत्रप. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. एका लेखात त्याने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंना चीवरे द्यावीत, असे नमूद केले आहे. अशा त्या काळी व्यवहारात फिरणारे नहपानाचे नाणे दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे, रुप्याचे. दर्शनी बाजूस राजाचे मुख. त्याभोवती अक्षरे ग्रीक लिपीतील. पण वाचून पाहावे तो भाषा ग्रीक नव्हेच! 'राजा क्षहरात नहपान याचे' एवढेच प्राकृत वाक्य ग्रीक अक्षरांत लिहिलेले. मागच्या बाजूस बाण आणि वज्र, व तेच वाक्य ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींत. ते वज्र पाहून एखादा यवन व्यापारी म्हणाला असेल, हे आमच्या झ्यूसचे. आणि नाशिकचा शेतकरी म्हणाला असेल, हे आमच्या इंद्राचे. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलले असते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य जिंकले. त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात आपल्या पुत्रास शक, यवन व पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे. आणि तरीही त्याच काळाच्या आगेमागे कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ यवनांनी दिलेले आहेत. रणांगणावरचा हिशेब निराळा आणि बाजारातला व देवळातला निराळा, हे यावरून दिसते.

1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी नहपानाच्या नाण्यांची एक प्रचंड ठेव सापडली. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: एका बाजूस कमानींचा डोंगर व त्याभोवती त्याचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे चिन्ह. खालचे मुख व खालची अक्षरे पुष्कळ नाण्यांवर अद्याप ओळखू येतात. श्रोतेहो, शत्रूचा नाश करणाऱ्या राजानेही शत्रूचे नाणे वितळविले नाही. त्यावर आपला डोंगर उभा केला आणि ते बाजारात परत पाठविले. म्हणून एकाच चकतीवर आपणांस ग्रीक अक्षर, शक राजा आणि मराठी मुलखाचा स्वामी असे तिघे भेटतात.

या मुखाचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. नहपानाच्या वंशानंतर आलेल्या क्षत्रपांनी सुमारे तीनशे वर्षे तेच मुख आपल्या रुप्याच्या नाण्यांवर चालविले. भोवतालची ग्रीक अक्षरे कोणालाच वाचता येईनात. ठसे कोरणारे कारागीर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा काढू लागले. पुढे दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य घेतले, तेव्हा त्यानेही मुख ठेवले, त्या निरर्थक रेघांचा अवशेषही ठेवला आणि मागे आपला गरुड बसविला. याच चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भातील वाकाटकांच्या घरी सून म्हणून आली. त्यानंतर सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याने त्याच घाटाचा रुपया पाडला: दर्शनी बाजूस मुख आणि मागे बसलेला नंदी. कृष्णराजाची ही नाणी नाशिक व सातारा भागांत तर सापडलीच, पण आमच्या वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथेही सापडली. म्हणजे यवनांच्या द्रम्माचा हा दूरचा नातू, सात-आठशे वर्षांची वाट चालून, नंदीला पाठीवर घेऊन आमच्या दारी आला. इलिऑन आणि अबिडॉस येथील लोकांनी जे केले, तेच आपल्या लोकांनी केले. मुख कोणाचेही असो. मागची बाजू त्यांनी आपल्या देवाला दिली.

ही वृत्ती आपल्या घरांतून अगदी काल-परवापर्यंत जिवंत होती. आपल्या आयाबायांच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ आठवा. ती पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. त्यावर ख्रिस्ती संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा अधिपती कोरलेला असे. ती कथा आपल्या बायकांना कोण सांगणार? त्यांना दोन आकृती दिसल्या. त्यांनी त्यांस पुतळी म्हटले. सोनारांनी पुढे तशाच चकत्या आपल्या हातांनी घडविल्या आणि त्यांवर लक्ष्मी आणून बसविली. राणीछाप रुपयाला कडी लावून तो गळ्यात घालणाऱ्या स्त्रियाही आपण पाहिल्या आहेत. परके मुख आपलेसे करण्याची ही कला आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

परंतु आपलेसे करणे निराळे आणि नाहीसे करणे निराळे. 1939 साली आमच्या वऱ्हाडातच, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी जी नावे कोणत्याही पुराणात नाहीत, ती त्या नाण्यांवर निघाली. ती नाणी हलक्या मिश्र धातूची होती; सोनाराच्या उपयोगाची नव्हती. तीच जर रुप्याची असती व एखाद्या घाईच्या हातात पडली असती, तर ते राजे पुन्हा एकदा, आणि या वेळी कायमचे, मेले असते. एक नाणे वितळते तेव्हा दोन ग्रॅम रुपे वाचते. पण त्यावरचा राजा, देव, लिपी आणि ते ज्या शेतात निघाले त्या शेताची साक्ष ही सारी जातात, आणि कोणत्याही पैशाने ती परत येत नाहीत.

म्हणून ग्रामीण श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना जुने नाणे हाती आले, तर ते घासू नये, चिंच लावून उजळू नये आणि सोनाराकडे तर मुळीच नेऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीची गुप्त ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असा 1878 पासूनचा कायदा आहे. कळविल्यास सर्व काही सरकारजमा होते, हा समज खरा नाही. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर त्या कायद्याप्रमाणे तिच्यातील धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांचे वाटेही कायद्याने सांगितलेले आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्याच अभ्यासाची एक संस्था आहे, आणि नागपूरचे वस्तुसंग्रहालय तर 1863 पासूनचे. वाचणारे लोक आहेत. त्यांच्यापर्यंत नाणे पोचविणे एवढेच आपले काम.

आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना वेगळे सांगणे आहे. मूल मुठीत काही घेऊन आले, तर मूठ उघडून नीट पाहा. आपल्याला वाचता आले नाही, तर 'मला येत नाही, आपण विचारू' असे म्हणा. त्या दिवशी माझ्यासमोर उभा असलेला मुलगा माझ्यापेक्षा बरे पाहत होता. त्याला बाण दिसला होता. मला नुसती सवय दिसली. त्या घरातले ते बाळ आता मोठे झाले आहे, आणि त्याचे वाळेही मोडले गेले असतील. दारावरून एखादे पोर वाळे वाजवीत गेले, म्हणजे मला अजून वाटते, की त्या आवाजात कोण्या एका राजाचे नाव आहे, आणि ते मला वाचता आले असते.